सोलचं औषधी संग्रहालय आणि शेजारचा जडीबुटी बाजार: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोरियाची पारंपरिक वैद्यकी एका दिवसात बघायची असेल तर सोलमधलं जेगी-दोंग गाठा. इथे 'सोल यांगन्यंगशी' हा जडीबुटीचा बाजार आहे. कोरियातल्या औषधी वनस्पतींच्या व्यापारापैकी सुमारे ७० टक्के उलाढाल एकट्या या भागात होते, असं सांगितलं जातं. बाजाराच्या मधोमध जुन्या कोरियन घरांच्या धाटणीची, कौलारू छपराची एक मोठी इमारत दिसते. ते सोल के-मेडी सेंटर. औषधी संग्रहालय याच इमारतीत आहे. २००६ पासून ते जवळच्याच एका टॉवरच्या तळघरात होतं, २०१७ मध्ये इथे हललं.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी संग्रहालय, मग बाजार. उलटं केलंत तर बाजार म्हणजे पोत्यांत भरलेली काटक्या-मुळं एवढंच दिसतं आणि संग्रहालयात शिरेपर्यंत पाय दुखायला लागलेले असतात. आत दीड तास नीट घालवला, तर बाहेरच्या त्याच काटक्या नावानिशी ओळखू येतात. खरं प्रदर्शन बाहेरच्या गल्ल्यांत मांडलंय, संग्रहालय ते वाचायला शिकवतं.

दिवस आणि वेळ

सोमवारी संग्रहालय बंद. १ जानेवारी, सॉल्लाल म्हणजे चांद्र नववर्ष आणि छुसॉक या सणांनाही बंद. रविवारी संग्रहालय उघडं असतं, पण बाजारातल्या बऱ्याच दुकानांची शटरं खाली असतात. त्यामुळे रविवारचा बेत म्हणजे अर्धाच बेत. मंगळवार ते शनिवार यांतला कुठलाही दिवस धरा, शनिवारी गर्दी जास्त.

वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ६. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ५ वाजताच बंद. दहाला दारात हजर राहिलात तर साडेअकरा-बाराला बाजारात उतरता येतं, आणि तीच बाजाराची भरात असलेली वेळ. दुपारी चारनंतर गेलात तर दोन्हींकडे घाई होते. पाय बुडवून बसण्यासारख्या सशुल्क गोष्टी तर बंद व्हायच्या वेळेच्या बऱ्याच आधी थांबवतात.

प्रौढांचं तिकीट १,००० वॉन, म्हणजे जवळजवळ नाममात्र. खर्च होतो तो बाजारात.

पोचायचं कसं

मेट्रोची १ नंबरची गडद निळी लाइन, स्टेशन जेगी-दोंग. सोल स्टेशनवरून छंगन्यांगनी दिशेची गाडी पकडा. सिटी हॉल, जोंगाक, जोंगनो ३-गा, जोंगनो ५-गा, दोंगदेमून, दोंगम्यो, शिन्सॉल-दोंग आणि मग जेगी-दोंग, असं आठवं स्टेशन. वीसेक मिनिटं लागतात. सोलमध्ये ६५ वर्षांवरच्या स्थानिकांना मेट्रो फुकट आहे आणि या स्टेशनवर आजी-आजोबांचीच गर्दी जास्त असते. पाठीवर पिशव्या, हातात चाकांच्या ढकलगाड्या. लिफ्टसमोर आणि सरकत्या जिन्यावर त्यांना आधी जाऊ द्या.

२ नंबरच्या एक्झिटने वर आलात की बाजार समोरच असतो, आणि वास त्याच्याही आधी येतो. गूगल मॅप कोरियात पायी रस्ता धडपणे दाखवत नाही, म्हणून नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप आधीच फोनवर घ्या. इंग्रजीत 'सोल के-मेडी सेंटर' टाइप केलं तरी सापडतं. प्रवासासाठी टी-मनी कार्ड कुठल्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये मिळतं. त्यात पैसे भरायला रोख जवळ असू द्या. बाजारातल्या लहान विक्रेत्यांकडेही रोखीनेच काम सोपं होतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यापायी लोक लिफ्टमध्ये वर-खाली करत बसतात. कोरियात तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. संग्रहालय 'दुसऱ्या मजल्यावर' आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने पहिल्या.

आत गेल्यावर

इतिहासाच्या दालनात फार रेंगाळू नका, पण तीन गोष्टी डोक्यात ठेवून पुढे जा. पहिली म्हणजे बोजेवॉन. जोसॉन राजघराण्याच्या काळात पूर्वेच्या वेशीबाहेर, याच परिसरात, गरिबांना आणि वाटसरूंना अन्न-औषध देणारी ही सरकारी जागा होती. बाजार मात्र तितका जुना नाही. तो १९६० च्या दशकात उभा राहिला, कारण गांगवॉन आणि उत्तर ग्यंगी भागातले शेतकरी आपला माल घेऊन छंगन्यांगनी स्टेशनवर आणि मजांग-दोंगच्या बस अड्ड्यावर उतरायचे. १९९५ मध्ये त्याला अधिकृत दर्जा मिळाला.

दुसरी गोष्ट देशी औषधांची. चीनहून येणारी औषधं महाग पडत, म्हणून कोरियाच्याच मातीत उगवणाऱ्या वनस्पतींवर ग्रंथ रचायची चळवळ राजा सेजोंगच्या काळात झाली. १४३३ चा 'ह्यांगयाक चिपसंगबांग' हे त्याचं फळ.

तिसरी अर्थात 'दोंगुईबोगाम' हा वैद्यकीचा ग्रंथ. जपानी आक्रमणाने देश उद्ध्वस्त झालेला असताना १५९६ मध्ये राजा सॉन्जोने राजवैद्य हॉ जुन (१५३९–१६१५) यांना हे काम सांगितलं. १६०८ मध्ये राजा वारला, त्याचं खापर वैद्यावर फुटलं आणि हॉ जुनना हद्दपारी झाली. ग्रंथाचा मोठा भाग त्यांनी त्याच काळात लिहिला. १६१० मध्ये पूर्ण, १६१३ मध्ये छापून तयार, एकूण २५ खंड. २००९ मध्ये युनेस्कोने 'जगाची स्मृती' यादीत तो घेतला. ग्रंथाचे पाच भाग आहेत: शरीराचं अंतरंग, बाह्यांगं, निरनिराळे रोग, काढे-औषधी आणि सुया-शेक. औषधींच्या भागात चिनी नावांच्या जोडीला लोकांच्या तोंडची कोरियन नावं हंगुल लिपीत दिली आहेत, म्हणजे खेड्यातल्या माणसालाही परड्यातली वनस्पती ओळखता यावी. १६१३ च्या छपाईच्या मूळ प्रती कोरियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि जांगसॉगाक संग्रहात जपलेल्या आहेत, त्यामुळे इतर संग्रहालयांत काचेआडची प्रत बघताना खालची पाटी वाचा. प्रतिकृती असेल तर तसं लिहिलेलं असतं.

आता अवजारांकडे वळा आणि इथे वेळ द्या.

'याकजांग' हे औषधांचं कपाट बघताना जवळ जा. डझनावारी छोटे खण, प्रत्येकावर चिनी अक्षरांत नाव, आणि एकेका खणाच्या आत फळी घालून दोन-तीन कप्पे. रोज लागणाऱ्या औषधी हाताच्या उंचीवर असायच्या. महागड्या आणि विषारी मालासाठी कुलपाचा कप्पा वेगळा. खणांच्या कड्या नीट बघा, ज्यांचा वापर जास्त त्या गुळगुळीत झालेल्या असतात.

'जाकदू' म्हणजे मोठा अडकित्ताच: एका टोकाला बिजागरी, वर पातं, खाली खाच. मुळं आणि साली यात तिरप्या चकत्या करून कापतात. तिरप्या का, तर कापलेला पृष्ठभाग वाढतो आणि अर्क लवकर उतरतो. 'याकयॉन' हा नावेच्या आकाराचा खल. त्यात मधोमध दांडी असलेलं चाक पुढेमागे फिरवतात. दगडी, लाकडी, लोखंडी असे प्रकार दिसतात. काढ्याचं भांडं मात्र मातीचं. लोखंडी भांड्यात काढा करायचा नाही हा जुना नियम, कारण सालींमधलं टॅनिन लोखंडाशी संयोग पावून काढा काळा आणि तुरट होतो. काढा झाला की चोथा कापडात बांधून, दोन काठ्यांनी पिळून शेवटचा थेंब काढायची पद्धत होती, त्या काठ्याही बघायला मिळतात.

छतावरून लोंबणाऱ्या कागदी पुड्या दिसल्या तर ती नुसती सजावट समजू नका. उंदीर आणि ओल यांपासून वाचवायला औषधं अशीच टांगत. एका पुडीला 'चॉप' म्हणतात आणि २० चॉप मिळून एक 'जे'. साधारण दहा दिवसांचं औषध. आजही वैद्याकडे औषध 'एक जे' असंच सांगतात.

बरण्यांची रांग

वाळक्या नमुन्यांची दालनं बहुतेकजण दोन मिनिटांत पार करतात. मराठी माणसाने तसं करू नये, कारण निम्म्या बरण्या ओळखीच्या निघतात. गामचो म्हणजे ज्येष्ठमध, गनगांग सुंठ, फिलबाल पिंपळी, गाजा हिरडा, युकदूगू जायफळ, जंगह्यांग लवंग, ह्यांगबूजा नागरमोथा, बिल्लांग सुपारी. यांतल्या कित्येक वस्तू समुद्रमार्गाने दक्षिणेकडून चीनला आणि तिथून कोरियाला गेल्या. ज्येष्ठमध तर इतक्या काढ्यांत असतं की सगळीकडे नाक खुपसणाऱ्या माणसाला कोरियन लोक 'औषधाच्या दुकानातला गामचो' म्हणतात. दवण्याची चुलतबहीण शोभेल अशी 'सुक' नावाची वनस्पतीही इथे आहे. तिची पानं वाळवून, कुटून त्याचा कापसासारखा लगदा करतात आणि तो जाळून शेक देतात. त्या शेकाला 'तुम' म्हणतात.

पण खरी गंमत एकाच मुळाची तीन रूपं शेजारी ठेवलेली असतात तिथे आहे. जिहवांग हे मूळ बघा. ताजं पिवळसर, नुसतं वाळवलेलं तपकिरी, आणि तांदळाची दारू लावून पुन्हा पुन्हा वाफवून-वाळवून काळं, मऊ, चिकट झालेलं. परंपरेत 'नऊ वेळा वाफवा, नऊ वेळा वाळवा' असं म्हणतात. ताजं मूळ थंड मानतात, काळं झालेलं रक्त भरून काढणारं. म्हणजे एकाच झाडाची दोन वेगळी औषधं, फरक फक्त प्रक्रियेचा. या प्रक्रियेला 'फोजे' म्हणतात.

जिनसेंगचंही तसंच. ताजं ते सुसाम, त्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, म्हणून ते टिकत नाही. सोलून वाळवलं की पेक्साम. सालीसकट वाफवून वाळवलं की तांबूस होंगसाम, त्यासाठी सहसा सहा वर्षांचं मूळ घेतात. वय कसं ओळखायचं? मुळाच्या डोक्याशी जी मान असते तिच्यावर दर वर्षी गळून पडलेल्या देठाची एकेक खूण राहते. त्या मोजा.

बूजाच्या बरणीसमोर आयुर्वेद शिकणाऱ्यांनी थांबायलाच हवं. हा बचनागाच्या कुळातला कंद, ॲकोनिटिन हे विष असलेला, कच्चा खाल्ला तर जीव घेणारा. आपल्याकडे बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शोधतात, इकडे हा कंद खारवून, भिजवून, उकळून चकत्या करतात. खूप वेळ उकळल्यावर विषाचे रेणू तुटून ते पुष्कळ सौम्य होतं, दोन्ही परंपरांनी हे अनुभवातून हेरलं होतं. बाजारात हा दिसला तर हात लावायची गरज नाही आणि विकत घेण्याचा तर प्रश्नच नाही.

चार प्रकृती

कोरियन संग्रहालयांत बहुधा 'तुमची प्रकृती ओळखा' अशी प्रश्नावली असते. ही सासांग पद्धत ई जे-मा (१८३७–१९००) यांची, त्यांचा ग्रंथ १८९४ चा. थेयांग, थेउम, सोयांग, सोउम असे चार प्रकार. थेयांगमध्ये फुप्फुस बलवान आणि यकृत दुबळं, थेउममध्ये नेमकं उलट. सोयांगमध्ये प्लीहा बलवान आणि मूत्रपिंड दुबळं, सोउममध्ये त्याच्या उलट. थेयांग लोक सगळ्यांत कमी सापडतात असं ही पद्धत मानते.

वात-पित्त-कफाशी याची जोडी जुळवायचा मोह होतो, पण तिथे फसाल. दोषांचं प्रमाण दिवसभरात, ऋतूप्रमाणे, वयाप्रमाणे बदलतं असं आयुर्वेद म्हणतो. सासांगमध्ये मात्र प्रकार जन्मजात, आयुष्यभर एकच. मशीनने छापून दिलेला निकाल करमणूक म्हणून खिशात ठेवा. प्रत्यक्ष निदान करायला वैद्य अंगकाठी, आवाज, घाम, पचन असं सगळं बघतो.

काढ्याच्या पाण्यात पाय

या इमारतीत औषधी पाण्यात पाय बुडवून बसायची सोय आहे, थोडे वेगळे पैसे पडतात. चालून दमलेल्यांना बरं वाटतं यात शंका नाही. तिकीट काढतानाच जागा आहे का विचारा, शनिवारी लवकर भरतं. पँट गुडघ्यापर्यंत वर जाईल अशी घाला. अंगाला चिकटलेल्या जीन्स किंवा लांब स्टॉकिंग्ज असतील तर पंचाईत होते. पाणी साधारण ४० अंशांच्या आसपास गरम असतं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल, पायाला जखम असेल किंवा गरोदर असाल तर हे टाळा, कारण भाजतंय हे वेळेवर कळत नाही किंवा चक्कर येऊ शकते. बाहेर आल्यावर पाणी प्या.

अत्तर-परफ्यूम लावून येऊ नका. या जागेची निम्मी ओळख नाकानेच होते.

आता बाजार

संग्रहालयातून बाहेर पडून आधी सगळी गल्ली एकदा नुसती फिरून या, काहीही न घेता. दुसऱ्या फेरीत खरेदी. एकच माल चार दुकानांत चार भावांनी दिसतो आणि फरकाचं कारण बहुतेक वेळा पाटीवरच असतं. 'कुक्सान' म्हणजे कोरियात पिकलेलं, 'चुंगुक्सान' म्हणजे चिनी. दोहोंच्या किमतीत मोठं अंतर असतं. पाटी वाचता येत नसेल तर पापागो या भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा पाटीवर धरा, किंवा थेट विचारा, "कुक्सानीएयो?" किंमत विचारायला "ऑल्मायेयो?" पुरतं.

वजनात नवखे लोक हमखास गोंधळतात. पाटीवरचा भाव अनेकदा 'गन' या जुन्या मापाचा असतो. औषधी आणि मांसासाठी एक गन म्हणजे ६०० ग्रॅम. ताजं जिनसेंग मात्र 'छे' या मापाने विकतात, एक छे ७५० ग्रॅम. भाव शंभर ग्रॅमचा समजून मान डोलावली तर हातात भलंमोठं पोतडं येतं. कमी हवं असेल तर बोटांनी दाखवून "बेक ग्राम" म्हणा, म्हणजे १०० ग्रॅम. काही दुकानं तयार पाकिटंच विकतात, तिथे सुटं मागून उपयोग नाही.

हात लावण्याआधी एक धोका समजून घ्या. सालीसकट कापलेल्या तपकिरी काटक्यांच्या जुड्या दिसतील, त्यांत 'ओत' नावाचं झाड असू शकतं. लाखेचा रस देणारं हे झाड बिब्ब्याच्या आणि काजूच्या कुळातलं. ज्यांच्या अंगावर बिब्बा उततो किंवा काजूच्या टरफलाचं तेल लागून फोड येतात, त्यांना या लाकडाच्या नुसत्या स्पर्शानेही पुरळ उठू शकतो, आणि तो लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. तोपर्यंत कशाने झालं ते लक्षातही येत नाही. कोंबडीच्या सूपमध्येही ओत घालतात, तेव्हा जेवताना विचारून घ्या. ओतच्या शेजारी काट्यांनी भरलेल्या काटक्या असतात त्या 'ऑमनामू'. त्यांची ॲलर्जीची भीती नाही, काटे मात्र खरे.

वाळवलेल्या गोमी जुड्या बांधून ठेवलेल्या दिसतात, हरणांच्या शिंगांच्या चकत्या दिसतात. लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा. विक्रेते, विशेषतः आजीबाई, विचारल्याशिवाय फोटो काढलेला खपवून घेत नाहीत. "साजिन चिगॉदो द्वेयो?" म्हणा, किंवा आधी काहीतरी विकत घ्या. मागून ढकलगाडी किंवा मोटरसायकल येते तेव्हा गल्लीच्या मध्यात उभं राहू नका. हा कामाचा बाजार आहे, पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नाही.

बसायला जागा हवी असेल तर शेजारच्या ग्यंगदोंग बाजारात जा. तिथल्या बंद पडलेल्या जुन्या सिनेमागृहात डिसेंबर २०२२ मध्ये स्टारबक्सने 'ग्यंगदोंग १९६०' नावाचं दुकान उघडलं. उतरत्या प्रेक्षागृहातल्या पायऱ्यांवर टेबलं मांडलेली आहेत. कॉफीपेक्षा काहीतरी इथलं प्यायचं असेल तर बाजारातल्या चहाच्या ठेल्यावर सांगह्वाछा घ्या: दांगग्वी, ह्वांगगी, जिहवांग, दालचिनी, ज्येष्ठमध, आलं, बोरं वगैरे घालून उकळलेला काळसर, कडवट-गोड काढा. जुन्या पद्धतीत त्यावर कच्च्या अंड्याचा बलक सोडतात. शाकाहारी असाल तर सांगताना आधीच "केरान ब्बेजुसेयो" म्हणा, अंडं नको.

काय घ्यावं, काय नको

घेण्यासारखं म्हणजे खाण्याचा माल: देछू म्हणजे वाळवलेली कोरियन बोरं, ओमिजा म्हणजे वाळवलेली बारीक लाल फळं, वाळवलेलं आलं, होंगसामचे मधात मुरवलेले काप. देछूचा चहा घरी करायचा तर दहा-बारा बोरं धुऊन, उभी चिरून, बी काढून एक लिटर पाण्यात मंद आचेवर चाळीसेक मिनिटं ठेवा आणि मग पळीने दाबून गाळा. बी काढल्याशिवाय आणि न चिरता उकळली तर गोडवा उतरतच नाही. ओमिजा मात्र उकळायचं नाही, कडू-तुरट होतं. गार पाण्यात रात्रभर भिजवून गाळलं की गुलाबी पाणी मिळतं, त्यात मध घाला. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात ही बोरं उघडी ठेवली तर आठवड्यात बुरशी धरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा.

होंगसामच्या बाटल्या-पाकिटांमध्ये नुसतं लाल वेष्टन बघून पैसे टाकू नका. अधिकृत 'आरोग्य कार्यात्मक अन्न' असा शिक्का असेल तर मागे आरजी१, आरबी१, आरजी३ या जिनसेनोसाइड्सची, म्हणजे जिनसेंगमधल्या गुणकारी द्रव्यांची, एकूण मात्रा मिलिग्राममध्ये छापलेली असते. कोरियाच्या नियमात ती रोजच्या सेवनासाठी ३ ते ८० मिलिग्राम अशी आहे. शिक्का नसलेल्या गोळ्या-चॉकलेटांत साखर भरपूर आणि जिनसेंग नावाला.

औषध म्हणून वापरायच्या वनस्पती कोरियात खाण्याच्या मालापासून कायद्याने वेगळ्या आहेत. त्या तपासलेल्या, सीलबंद पाकिटांत असतात आणि परवानाधारक वैद्य किंवा औषधविक्रेत्यामार्फतच रोग्यापर्यंत जातात. रस्त्यावरच्या पोत्यातलं मूळ हे अन्न. दुकानदाराने 'गुडघ्याला चांगलं' म्हटलं तरी त्याला औषध समजू नका. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर जिनसेंग आधी डॉक्टरांना विचारून. ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो, तेव्हा बीपीवाल्यांनी जपून.

भारतात परत नेताना ताजी मुळं, रोपं, बिया सामानात भरू नका. वनस्पती संगरोधाच्या नियमांत अडकतात. शिंगाच्या चकत्या, कस्तुरी, अस्वलाचं पित्त असल्या प्राणिज वस्तूंना वन्यजीव कायदा आड येतो. होंगसामचा अर्क हा द्रव आहे. १०० मिलिलिटरवरची बरणी हातातल्या बॅगेत असेल तर विमानतळावर टाकून द्यावी लागते, म्हणून ती चेक-इनमध्ये.

सुया टोचून घ्यायच्या असतील तर

बाजाराच्या अवतीभवती 'हानइवॉन' म्हणजे पारंपरिक दवाखाने पुष्कळ आहेत. तिथला वैद्य सहा वर्षांचं शिक्षण आणि स्वतंत्र राष्ट्रीय परवाना घेतलेला असतो. नोकरी-शिक्षणासाठी कोरियात राहणाऱ्या परदेशी लोकांना राष्ट्रीय आरोग्य विमा लागू होतो, आणि सुया, शेक, तुंबड्या हे उपचार त्यात बसतात. काढे मात्र बहुतांशी खिशातून. निवासी कार्ड बरोबर ठेवा. काढा हल्ली उकळून, सीलबंद पिशव्यांत भरून देतात, एक पिशवी साधारण १०० ते १२० मिलिलिटर. चालू असलेल्या गोळ्यांची नावं लिहून न्या. तुंबड्यांचे लाल-जांभळे वळ आठवडाभर राहतात, तेव्हा लग्नाबिग्नाच्या आदल्या दिवशी नको.

आणखी वेळ असेल तर

सोलमध्येच, हान नदीच्या दक्षिणेला गांगसॉ भागात हॉ जुन संग्रहालय आहे, २००५ पासून. ९ नंबरच्या लाइनवर गायांग स्टेशनला उतरून पायी जाता येतं. ज्यांना बाजारात नव्हे तर 'दोंगुईबोगाम'मध्येच रस आहे त्यांनी जेगी-दोंगच्या आधी इथे यावं. गच्चीवर औषधी वनस्पतींची बाग आहे. बरण्यांत वाळकी बघितलेली झाडं जिवंत बघायची तर मे ते ऑक्टोबर बरा. तेही सोमवारी बंद.

देगू शहराचा औषधी बाजार मात्र खरोखर जुना, १६५८ पासूनचा. तिथलं संग्रहालय जुंग-गू भागात, बान्वॉलदांग मेट्रो स्टेशनजवळ, प्रवेश मोफत. सोलहून केटीएक्स गाडीने दोन तासांच्या आत देगूच्या दोंगदेगू स्टेशनला पोचता येतं, म्हणजे सकाळी निघून रात्री परत. औषधी बाजाराचा उत्सव मे महिन्यात असतो, तेव्हा जमलं तर तीच वेळ गाठा. जिरीसान डोंगराच्या पायथ्याचं सांछॉंगमधलं 'दोंगुईबोगाम गाव' २०१३ च्या जागतिक पारंपरिक वैद्यक प्रदर्शनाची जागा. ते लांब पडतं, बस कमी आहेत, एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट करू नका. एक रात्र मुक्काम धरूनच निघा.